तेरा इंचांची इभ्रत

गुरुवारी सकाळी कंपनीने मला विचारलं, तुम्ही फिरणारे आहात की बघणारे?

ईमेलच तसा होता. वर दोन चित्रं. डावीकडे तेरा इंची लॅपटॉप एका हातात धरून जिना उतरणारा तरुण. दुसऱ्या हातात कॉफी, आणि ती सांडतही नव्हती. उजवीकडे सोळा इंची लॅपटॉपसमोर रेलून बसलेला एक गृहस्थ, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. चित्रकाराने त्याच्या कानांजवळच्या केसांना खास वेळ काढून पांढरा रंग दिला होता. खाली लिहिलं होतं, ज्यांना सतत फिरायचं असतं त्यांनी तेरा घ्यावा, ज्यांना मोठं चित्र बघायचं असतं त्यांनी सोळा. मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवा. एकदा निवडलेला लॅपटॉप चार वर्षं बदलून मिळणार नाही.

चार वर्षांनी मी निवृत्त होतो. म्हणजे नोकरीतला हा माझा शेवटचा लॅपटॉप. आजवर कंपनीने मला खुर्ची, साहेब, सुट्टी यांपैकी काहीही निवडू दिलेलं नाही, आणि आता जाता जाता हे.

आमच्या ऑफिसात हल्ली कोणालाच स्वतःची जागा नाही. जो आधी येईल त्याला खिडकी, जो उशिरा येईल त्याला प्रिंटरशेजारची खुर्ची. मी नेहमी प्रिंटरशेजारीच असतो. लॅपटॉप रोज घरी न्यायचा, रोज परत आणायचा. बेंगळुरूत मल्लेश्वरमच्या घरापासून व्हाइटफील्डच्या ऑफिसात जायचं म्हणजे मॅजेस्टिकपर्यंत मेट्रोत उभं राहायचं आणि तिथे मेट्रो बदलायची. गाडी बदलते, उभं राहणं बदलत नाही. त्यामुळे खांद्याचा कौल तेराला होता. वाद डोळ्यांचा होता.

डोळ्यांची गोष्ट ऑफिसात कोणालाही माहीत नव्हती. मी पुरवठादारांच्या बिलांचा मेळ घालतो. त्याचा तक्ता आडवा इतका लांब, की डावं टोक बघताना उजवं टोक शेजारच्या राज्यात असतं. मागचा माणूस कॉफीला गेला की मी अक्षरं मोठी करतो, त्याची चाहूल लागली की लहान करतो. बैठकीत कोणी आपला तक्ता सगळ्यांच्या लॅपटॉपवर दाखवला की मी गंभीरपणे मान डोलावतो. गंभीर चेहऱ्याला कोणी प्रश्न विचारत नाही, हा माझा तीस वर्षांचा अनुभव आहे.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर यशवंतपूरसाठी. म्हणजे यशवंतपूरला जावं लागू नये यासाठी. तिथे घाऊक बाजाराजवळ कंपनीचं जुनं गोदाम आहे, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर 'लेगसी सपोर्ट' नावाचा विभाग. जुन्या फायली आणि जुनी माणसं तिथे ठेवतात. जाणाऱ्याला केक कापून निरोप देतात, पण भाषण होत नाही, कारण माणूस तांत्रिकदृष्ट्या अजून नोकरीत असतो. आमच्या विभागातले उमाजी गेल्या वर्षी एका बैठकीत म्हणाले, "जरा मोठं कर रे, वाचता येईना." त्याच महिन्यात उमाजींचा केक झाला. दोन गोष्टींचा संबंध असेलच असं मी म्हणत नाही. पण एकाच महिन्यातल्या दोन नोंदी शेजारी शेजारी दिसल्या की हिशेबनीसाचं मन स्वस्थ बसत नाही.

तेव्हा तेरा घ्यावा तर डोळे जाणार, सोळा घ्यावा तर अब्रू. संध्याकाळी मी ही अडचण बायकोला, सुचेताला, सांगितली. हीच माझी पहिली चूक. कारण ती मेथी निवडत होती, आणि मेथी खालच्या मजल्यावरच्या नागराज अण्णांच्या परसातली होती, आणि ती द्यायला आलेले अण्णा अजून गेले नव्हते.

अण्णा मूळचे निपाणीचे, विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले. मराठी आमच्यासारखीच बोलतात, फक्त प्रत्येक वाक्याला वर कन्नडची फोडणी असते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे वेळ फार आणि वायरी कमी, त्यामुळे बिल्डिंगमधल्या प्रत्येक खरेदीला ते हजर असतात.

"काय री नेसरीकर, एवढं काय त्यात?" ते म्हणाले. "शर्ट न घालता विकत घेता काय? स्क्रीन पण घालून बघायची. डोळ्याला."

"दुकानात जाऊन?"

"दुकानात कशाला? तिथे तो पोरगा दहा मिनिटांत दुसरंच गळ्यात मारतो. घरीच करू. स्वल्प पुठ्ठा आहे काय?"

मिक्सरचा खोका निघाला. सुचेताची शिवणाची टेप निघाली. अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून पुठ्ठ्यावर मापं घेतली. तेरा इंच रुंद एक चौकोन, सोळा इंच रुंद एक. अक्षरं हवीत म्हणून सुचेताने जुन्या कॅलेंडरची पानं मागची बाजू वर करून चिकटवली. तिथली राशिभविष्याची अक्षरं आमच्या तक्त्याइतकीच बारीक असतात. मग मला जेवणाच्या टेबलाशी बसवून समोर आधी सोळा आणि मग तेरा उभा करण्यात आला.

आश्चर्य म्हणजे तेरावर मला व्यवस्थित दिसलं. माझ्या वृश्चिक राशीला प्रवासाचा योग होता, तोही वाचता आला.

"झालं तर!" अण्णा म्हणाले. "सोळा काय परातीसारखा आहे बघा. तो घेऊन रस्त्यानं निघालात तर लोक म्हणतील, जेवण कुठाय?"

त्या रात्री मी बऱ्याच दिवसांनी शांत झोपलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात न विचारताच दोघा-तिघांना सांगितलं की मी तेरा घेतोय, मला जरा सुटसुटीतच आवडतं. आमचा मॅनेजर तनय, पुण्याचा, वय एकतीस, तिथूनच जात होता. तो म्हणाला, "वा सर, नाइस!" मला ते 'नाइस' दिवसभर पुरलं.

शुक्रवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरची आश्लेषा आमच्याकडे ठेवलेलं कुरिअर घ्यायला खाली आली. हीसुद्धा पुण्याची, कुठल्याशा कंपनीत ॲपची चित्रं काढते. टेबलाजवळच्या पुठ्ठ्यांकडे बघून तिने विचारलं, "काका, हे काय, स्कूल प्रोजेक्ट?"

मी अभिमानाने सांगितलं. तिने तेरा इंची पुठ्ठा उचलला, तिरका धरला आणि हसायलाच लागली.

"अहो काका, स्क्रीन डायगोनल मोजतात! या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. हा तुमचा तेरा म्हणजे ऑलमोस्ट सोळाच आहे."

"आणि खरा तेरा?"

तिने पुठ्ठ्याच्या दोन्ही कडा बोटांनी झाकत आणल्या. वृश्चिक राहिली, तूळ आणि धनू गेल्या.

म्हणजे ज्याला मी सुटसुटीत तेरा समजून पसंत केलं होतं, तो परातीचाच भाऊ होता. तेवढ्यात अण्णा वर आले. त्यांना ऐकवल्यावर ते म्हणाले, "तिरकाच मोजतात की. मी म्हणत होतो." आदल्या दिवशी टेप ज्या हातात होती तो हात तेव्हा त्यांच्या पाठीमागे होता.

"काका, बट तरीही तेराच घ्या," आश्लेषा म्हणाली. "मी तर तोच वापरते. इतका क्यूट आहे! कॅफेत न्या, कुठेही न्या."

"तुझं सगळं काम त्यावर होतं?"

"नाही नाही, घरी दोन मोठे मॉनिटर आहेत ना मला."

मला सल्ला देणाऱ्यांचा हिशेब मी कधीतरी मांडणार आहे. घरी दोन मॉनिटर असलेली मुलगी, टीव्हीशिवाय दुसरी स्क्रीन न पाहिलेले अण्णा, आणि ज्यांची जन्मरास वृश्चिक नाही असे बाकीचे सगळे. सल्ल्याच्या रकान्यात भरपूर जमा. चुकीचं निघालं तर नावे पडतं माझ्या.

शनिवारी सकाळी मी गुपचूप सोळा मागायचं ठरवलं. कंपनीच्या पोर्टलवर तेरासमोर नुसतं 'हो' होतं. सोळासमोरचं 'हो' दाबल्यावर एकेक खिडकी उघडत गेली. कारण लिहा. मी लिहिलं, 'दिसण्यासाठी.' कारण अपुरं आहे. मी लिहिलं, 'आकडे नीट दिसण्यासाठी.' अजून अपुरं. शेवटी मी 'कंपनीच्या दूरगामी हितासाठी' पासून सुरुवात केली, आणि परिच्छेद पुरा झाल्यावर पोर्टलचं समाधान झालं. पुढची खिडकी, नेत्रतज्ज्ञांचं प्रमाणपत्र जोडा. त्याच्या पुढची, तुमच्या मॅनेजरला मंजुरीसाठी कळवलं जाईल.

म्हणजे सोळा हवा असेल तर मी आंधळा होत चाललो आहे हे डॉक्टरच्या सहीने तनयला कळवायचं. मी 'रद्द' दाबलं. पोर्टल म्हणालं, काळजी नको, तुमचा मसुदा जपून ठेवला आहे.

तरी प्रमाणपत्र असलेलं बरं म्हणून आमच्या भागातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मनात असं होतं, की एखादं भारदस्त लॅटिन नाव मिळालं तर दुखण्याला प्रतिष्ठा येईल. बाईंनी तपासून लिहून दिलं, दृष्टी वयानुरूप. मी म्हटलं, "काही रोग वगैरे?" त्या म्हणाल्या, "छे, एकदम नॉर्मल. वय झालंय फक्त." आजारी माणसाला निदान सहानुभूती मिळते. वयानुरूप माणसाला काहीच मिळत नाही.

घरी आल्यावर सुचेताने सूत्रं हातात घेतली. "डोळ्यांचं राहू दे. आधी खांद्याचं बघा. सोळा खांद्याला झेपतच नसेल तर पुढचा प्रश्नच मिटला."

हे मला पटलं. खरं सांगायचं तर मला आशा वाटली. खांदा हा सभ्य अवयव आहे. तो दुखला तर लोक म्हणतात, खूप काम केलंय. 'सोळा घेतला असता हो, पण खांदा,' असं म्हणून मला तेरा घेता आला असता.

बेळगावहून माझी बहीण भागुबाई दर महिन्याला रात्रीच्या बसने ज्वारीचं पीठ पाठवते. बेंगळुरूत ज्वारीचं पीठ मिळत नाही असं नाही. पण आमच्या घरी त्या पिठाची भाकरी म्हणजे भाकरी मानत नाहीत. सुचेताने ते पीठ स्वयंपाकघरातल्या काट्यावर सोळा इंची लॅपटॉप आणि त्याचा चार्जर मिळून होईल तेवढं मोजलं. एका पिशवीत दाबून चपटं केलं आणि लॅपटॉपच्या काळ्या कव्हरात सरकवलं. कंपनी दर दिवाळीला एक काळी बॅग देते, त्यामुळे आमच्या घरात एकसारख्या काळ्या बॅगांना तोटा नाही. त्यातल्या एकीत कव्हर गेलं.

"खरी तालीम मेट्रोत," सुचेता म्हणाली. "उद्या रविवार आहे. मॅजेस्टिकला जाऊन या. बसायचं नाही."

स्टेशनवर बॅग तपासणीच्या पट्ट्यावरून आत गेली आणि आतच थांबली. पडद्यासमोरच्या सुरक्षारक्षकाने मान पुढे काढली.

"सार, इदु एनु?" हे काय, म्हणे.

"हिट्टु," मी म्हटलं. "जोळद हिट्टु." ज्वारीचं पीठ.

"लॅपटॉप कव्हरल्ली हिट्टा?"

मागे रांग होती. लॅपटॉपच्या कव्हरात पीठ का, याचं कन्नडमध्ये थोडक्यात उत्तर मला सुचेना. मी कव्हर उघडून दाखवलं. रक्षकाने चिमूटभर पीठ बोटांवर घेतलं, नाकाशी नेलं आणि त्याचा चेहरा एकदम मऊ झाला. तो बागलकोटकडचा होता. म्हणाला, असं पीठ इथे बघायला मिळत नाही, जपून न्या.

खांदा मात्र दगाबाज निघाला. जाऊन आलो, आठव्या क्रॉसच्या गल्लीतून पायी फिरलो, जिने चढलो, तरी दुखेना. सुचेताने दाबून बघितला, अण्णांनी दाबून बघितला. "घट्टी आहे हो तुमचा खांदा," अण्णा म्हणाले. एरवी हे ऐकून मला आनंद झाला असता.

सोमवारी महिनाअखेरची बैठक होती. मी दाराजवळची बॅग उचलली आणि निघालो. स्टेशनवर कालचाच रक्षक होता. बॅग आत गेली, त्याने पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हसला आणि अदबीने हात हलवला, "होगि सार, होगि." जा म्हणे. इतक्या वर्षांत मेट्रोतल्या माणसाने मला ओळखण्याची ही पहिलीच वेळ. व्हाइटफील्डपर्यंत मी त्या ओळखीच्या तोऱ्यात उभा होतो.

बैठकीच्या खोलीत सगळा विभाग होता. तनय म्हणाला, "सर, तुमच्या मेळापासून सुरू करू या? शेअर करता?"

मी बॅग उघडली, कव्हर टेबलावर ठेवलं, चेन ओढली आणि सवयीने एका झटक्यात, लॅपटॉप समजून, आत होतं ते बाहेर काढलं.

पिशवीचं तोंड प्रवासात सैल झालं असावं. टेबलाच्या मधोमध एक छोटा पांढरा ढग उठला आणि सावकाश सगळ्यांच्या लॅपटॉपांवर बसला.

मग कोपऱ्यातून एक मुलगा म्हणाला, "सर, प्रोटीन?"

"हे... पीठ आहे का?" तनयने विचारलं.

"ज्वारीचं," मी म्हटलं. आणि का कोणास ठाऊक, पुढे जोडलं, "बेळगावचं."

आता सांगतो. सोळा इंची लॅपटॉप चार्जरसकट जेवढा भरतो, जवळपास तेवढाच माझा जुना लॅपटॉप चार्जरसकट भरतो. म्हणूनच दाराजवळची बॅग कालची, पिठाची आहे हे मला उचलताना कळलं नाही. म्हणजे ते वजन मी वर्षानुवर्षं रोज व्हाइटफील्डला नेत-आणत होतो आणि तालमीची काही गरजच नव्हती. मी हिशेबनीस, सुचेता गणित घेऊन पदवीधर, अण्णांनी आयुष्यभर मीटर वाचलेले. तिघांच्याही हे डोक्यात आलं नाही.

तनय मुलगा चांगला आहे. चांगल्या माणसांचाच ताप जास्त होतो. कोणी हसायच्या आत त्याने स्वतःचा लॅपटॉप पुसला आणि माझ्यापुढे सरकवला. "काही हरकत नाही सर, माझ्याकडे फाइल ओपन आहे. यावरून सांगा."

तेरा इंची होता. नवाकोरा, पातळ, सुंदर. त्यावर मुंग्यांची एक शिस्तबद्ध मिरवणूक चालली होती.

मी चष्मा खाली केला. वर केला. मान मागे घेतली. "उजेड पडतोय," मी म्हटलं. एका मुलीने उठून पडदा ओढला. "डाग आहे जरा." तनयने रुमालाने काच पुसली. "नेटवर्क..." मी सुरुवात केली, पण भिंतीवरच्या यंत्रावर हिरवा दिवा जळत होता आणि सगळ्यांना तो दिसत होता. मलाही दिसत होता. तेवढा एकच.

वाक्यं संपली. तीस वर्षं गंभीर चेहऱ्यावर निभावलं होतं, पण भुवयांवर पीठ असलेल्या माणसाला गंभीर चेहरा करता येत नाही.

"मला दिसत नाही," मी म्हटलं.

"ओह," तनय म्हणाला. मग अगदी हळू आवाजात, म्हाताऱ्यांना रस्ता ओलांडून देताना काढतात त्या आवाजात, "मग सर, सोळा घ्या ना. मी लगेच ॲप्रूव्ह करतो."

तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

मंगळवारी सकाळी मी सामान वाटपाच्या खिडकीवर गेलो. तिथे पवित्रा बसते. मंड्याकडची, कामाला चोख, आणि वाईट बातमी सांगताना नेहमी आधी पाणी विचारते.

"पाणी देऊ, सर?"

"सोळा नाहीत," मी म्हटलं.

"काल दुपारीच संपले. सगळे तरुण लोकांनी घेतले, सर."

"पण ते तर फिरणारे!"

"ते मॅच बघतात, सर. मोठ्यावर छान दिसते."

माझी अब्रू ज्या सोळा इंचांपायी गेली, ते पंचविशीतली पोरं हसत हसत घेऊन गेली होती, आणि त्यांना पोर्टलने प्रमाणपत्र मागितलं का, हे विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. आता दोनच गोष्टी शिल्लक होत्या. तेरा घेऊन व्हाइटफील्डला राहायचं. किंवा तेरा आणि सोबत टेबलावरचा मोठा मॉनिटर, चौतीस इंची. पण मॉनिटर स्वतःची जागा असलेल्यांनाच मिळतो.

"आणि स्वतःची जागा कुठे मिळते?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं.

"यशवंतपूर," पवित्रा म्हणाली. "पाचपर्यंत वेळ आहे, सर. विचार करून सांगा. पाणी?"

मी कँटीनमध्ये जाऊन सुचेताला फोन लावला.

"यशवंतपूर?" ती जवळजवळ ओरडली. "अहो, म्हणजे आपल्या घराच्या मागेच की! रिक्षाने दहा मिनिटं. बसनेही जाता येईल."

"दुपारी जेवायला घरी येता येईल," मी म्हटलं.

"रोज?"

"रोज."

"डबा देईन मी," ती ठामपणे म्हणाली. "उगाच उन्हात ये-जा कशाला."

"ते राहू दे. सुचेता, यशवंतपूर म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. उमाजींचं काय झालं ते बघितलंस. लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?"

"ऑफिसातले."

"ज्यांच्यासमोर काल पीठ उधळलंत ते?" ती म्हणाली. "त्यांच्यापासून लपवायला आता काय राहिलंय तुमच्याजवळ?"

त्यात दिलासा नव्हता, पण बेरीज बरोबर होती. मी कॉफी संपवली. समोर तो कोपऱ्यातला मुलगा आपल्या नव्या सोळा इंचीवर खरंच मॅच बघत होता. मला बघून त्याने आवाज कमी केला, आदराने. व्हाइटफील्डला राहिलो तर पुढची चार वर्षं हा आदर रोज मिळणार, आणि तेरा इंचांवर मुंग्या मोजायच्या. मी खिडकीवर परत गेलो.

"यशवंतपूर," मी म्हटलं.

"सरी, सर," पवित्रा म्हणाली. तिने मला निवड बदलायची आहे का हे दोनदा विचारलं नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

शुक्रवारी केक झाला. तनयने आपल्या हाताने मला तुकडा भरवला. भाषण झालं नाही.

यशवंतपूरच्या गोदामाच्या जिन्यात खालच्या बाजारातल्या कांद्यांचा वास भरून असतो. वरच्या मजल्यावर उमाजी बसले होते, समोर दरवाजाएवढा मॉनिटर, त्यावर अक्षरं इतकी ठळक की जिन्यातूनच मला त्यांचा तिमाही अहवाल वाचता आला.

"आलास?" ते म्हणाले. उठले नाहीत. "पहिले दोन दिवस वाईट वाटतं. मग दिसायला लागतं."

वाईट दोनपेक्षा जास्त दिवस वाटलं. घरी अण्णांनी बिल्डिंगभर सांगितलं की नेसरीकरांना प्रमोशनवर जवळ आणलंय, आणि मी ते खोडलं नाही. आश्लेषा म्हणाली, "काका, चौतीस? सो लकी!" खांदा, ज्याला आता डब्याशिवाय काही उचलायचं नव्हतं, तो त्याच आठवड्यात दुखायला लागला.

महिनाअखेर आली. बैठक आता मला इथूनच करायची होती. मॉनिटरवर खालच्या पट्टीत व्हाइटफील्डची सगळी खोली दिसत होती, नव्या लॅपटॉपांमागे ओळीने बसलेली. तनय म्हणाला, "सर, हॅलो! तुमच्या मेळापासून सुरू करू या? शेअर करता?"

मी शेअर केलं. माझ्या पडद्यावर तक्ता डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत एका नजरेत मावत होता, एकही रकाना शेजारच्या राज्यात न जाता. मी बोलायला लागलो. दोन पुरवठादार झाले असतील, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की खालच्या पट्टीतली डोकी हळूहळू मोठी होत आहेत. तेरावाले आधी पुढे झुकले, मग सोळावालेही. एकाने चष्मा काढून पुसला. तनयचं तर नाकच मला दिसायला लागलं. चौतीस इंचांची रुंदी त्यांच्या पडद्यांवर बोटभर पट्टी होऊन उतरली होती. कोपऱ्यातला तो मुलगा गंभीरपणे मान डोलावत होता.

"सर," तनय शेवटी म्हणाला, "एक मिनिट. जरा झूम करता का? इथे काहीच दिसत नाहीये."

उमाजींनी आपलं काम थांबवलं आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

मी लगेच केलं असतं. बोट बटणावरच होतं.

"हो, हो, करतो की," मी म्हटलं, त्याच हळू आवाजात, रस्ता ओलांडून देण्याच्या. "फक्त कोणाकोणाला दिसत नाहीये तेवढं सांगा. म्हणजे किती मोठं करायचं ते मला ठरवता येईल."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग पडदा ओढणाऱ्या त्या मुलीने हात वर केला. तिच्या शेजारच्याने केला. कोपऱ्यातला मुलगा मान डोलवायचा थांबला आणि त्याचाही हात वर गेला. तनयचा हात सगळ्यात शेवटी, खांद्यापर्यंतच, वर आला.

मी सगळे हात नीट बघून घेतले, आणि अक्षरं मोठी केली. हवी होती त्यापेक्षा जराशी जास्तच.